पझेशनआधीची घर-तपासणी सेवा: जिन्याच्या पानावर काय मिळतं, काय राहून जातं

नवीन घराचा ताबा घेण्याआधी ते तपासून देणाऱ्या कंपन्या आता पुणे, ठाणे, मुंबई, नाशिक अशा सगळ्या शहरांत मिळतात. फी बहुतेक ठिकाणी कार्पेट क्षेत्रफळावर, चौरस फुटाच्या दराने. त्या पैशांत माणूस येतो, ओलावा मोजतो, टाइल्स ठोकून पोकळ आवाज ऐकतो, प्रत्येक प्लगमध्ये टेस्टर घालतो, बाथरूमच्या फरशीचा उतार पाहतो आणि फोटोंनी भरलेली पीडीएफ पाठवतो. दोन-तीन बेडरूमच्या फ्लॅटसाठी ही सेवा घ्यावी. बिल्डरकडे तक्रार लेखी आणि फोटोसकट गेली की तिला वजन येतं.

रो हाऊस, डुप्लेक्स किंवा बंगल्यात घरातच जिना असतो आणि तिथे या सेवेचं पितळ उघडं पडतं. ओलाव्यावर आठ पानं, वायरिंगवर पाच, आणि जिन्यावर एक फोटो व त्याखाली एक ओळ: ‘पायऱ्यांवर ओरखडे आढळले, पॉलिश करून घ्यावे.’ ओरखड्यांनी कोणी पडत नाही. माणूस पडतो तो एकच पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळी निघाली म्हणून, कठडा हलला म्हणून किंवा कडेचा ग्रॅनाइट ओला असताना चकचकीत होता म्हणून. एकूण सेवेला पाचपैकी चार गुण देता येतील. जिन्याच्या पानाला अडीच, तेही तपासनीस स्वतःहून टेप काढणारा असला तर.

आधी नियम कुठले, ते पाहू. भारतात आधाराला धरायचा तो नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, भारतीय मानक ब्युरोचा. हा कोड स्वतःहून कायदा नाही. स्थानिक विकास नियंत्रण नियमावली त्यातलं जे स्वीकारते ते बंधनकारक होतं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत डीसीपीआर २०३४. अहवालात नुसतं ‘कोडप्रमाणे योग्य’ असं लिहिलेलं असेल तर कोणता कोड, हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर ते वाक्य साच्यातून आलेलं आहे असं समजा.

घरातल्या जिन्यासाठी नॅशनल बिल्डिंग कोडमधले चार आकडे पाठ असले तरी पुष्कळ. पायरीची उंची, म्हणजे रायझर, जास्तीत जास्त १९० मिमी. पाऊल ठेवायची रुंदी, म्हणजे ट्रेड, नोझिंग (पायरीचं पुढे निघालेलं नाक) सोडून किमान २५० मिमी. हँडरेलची उंची ट्रेडच्या मध्यापासून १००० मिमी. जिन्याखालून किंवा लँडिंगखालून जाताना डोक्यावर मोकळी जागा किमान २.२ मीटर. जिन्याच्या रुंदीचे आकडे इमारतीचा वापर आणि उंची यांप्रमाणे बदलतात, म्हणून ती मंजूर नकाशाशी ताडून पाहावी. मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नये. रेलिंग आत किती सरकलंय ते वजा करून उरलेली मोकळी रुंदी मोजावी.

आता या चारही आकड्यांत बसणारा जिना धोकादायक असू शकतो, आणि तपासणीची खरी कसोटी तिथेच लागते. चढताना पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे माणूस पायऱ्यांकडे पाहणं सोडून देतो. त्यानंतर एखादी पायरी १५-२० मिमी उंच निघाली तर चढताना चवडा अडकतो. उतरताना तेवढीच खोल निघाली तर टाच हवेत राहते. अमेरिकेतला इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड याबाबत स्पष्ट आहे: एका फ्लाइटमधल्या (दोन लँडिंगमधल्या सलग पायऱ्यांमधल्या) सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या रायझरमध्ये ९.५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. तिथे रायझरची कमाल १९६ मिमी आहे, म्हणजे आपल्यापेक्षा सैलच. पण फरकाबाबत ते लोक कडक आहेत, आणि बरोबर आहेत. पुण्यातल्या रो हाऊसला तो कोड कायद्याने लागू नाही. तपासनीसाने मोजपट्टी म्हणून तो वापरायला मात्र काहीच हरकत नाही.

फरक येतो कुठून, हे माहीत असलं की कुठे शोधायचा तेही कळतं. आरसीसी जिना ओतताना शटरिंगवाला सगळे रायझर सारखे धरतो. घोळ होतो फिनिशिंगला. समजा मजल्याची उंची ३००० मिमी, १८ रायझर, म्हणजे प्रत्येकी सुमारे १६७. ट्रेडवर १८-२० मिमी ग्रॅनाइट आणि खाली २० मिमी मसाला, मिळून ४० मिमी चढले. खोल्यांत मात्र फरशीखालून पाइप गेलेले असतात, म्हणून तिथे भर आणि टाइल मिळून ६० मिमी होतात. आता हिशोब करा. खालची जमीन ६० ने वर आली, पहिली पायरी ४० नेच. पहिला रायझर २० मिमीने बुटका झाला, १४७. वरच्या टोकाला शेवटची पायरी ४० ने वर, मजल्याची फरशी ६० ने. शेवटचा रायझर २० मिमीने उंच, १८७. मधले सगळे १६७. प्रत्येक आकडा १९० च्या आत आहे, कोडची कमाल मर्यादा कुठेच ओलांडलेली नाही. तरीही पहिला आणि शेवटचा यांत ४० मिमीचा फरक आहे. ‘रायझर तपासले, योग्य’ असं लिहिणाऱ्याने मधला एक रायझर मोजून काम आटोपलेलं असतं.

म्हणून जिन्याच्या पानावर तक्ता हवा. प्रत्येक रायझर, क्रमांकासह, मिमीमध्ये. पद्धत साधी आहे: वरच्या ट्रेडच्या नाकावर स्पिरिट लेव्हल किंवा डिजिटल लेव्हल पुढे आडवी काढायची आणि तिच्या खालच्या कडेपासून खालच्या ट्रेडपर्यंत टेप लावायचा. नुसता टेप पायरीच्या उभ्या दगडाला चिकटवून मोजला तर ट्रेडचा उतार आणि नाकाचा गोलावा यांत तीन-चार मिमी हरवतात. अठरा रायझर मोजायला फार तर वीस मिनिटं लागतात. ओलाव्यावर तास घालवणाऱ्या माणसाला ती परवडायला हवीत. फी ठरवतानाच ‘प्रत्येक पायरीची उंची व रुंदी लिहून द्याल का’ हे विचारून घ्या. ‘गरज पडली तर’ असं उत्तर आलं, तर ते ‘नाही’ आहे.

ट्रेडच्या मापात आणखी एक हातचलाखी होते, बहुतेक वेळा नकळत. ग्रॅनाइटची पट्टी २७५ मिमी रुंद असते, त्यातली २५ मिमी पुढे नाक म्हणून काढलेली असते. तपासनीस दगड मोजतो आणि २७५ लिहितो. खरं माप म्हणजे एका नाकापासून पुढच्या नाकापर्यंतचं आडवं अंतर, ते २५० भरतं. इथे ते काठावर का होईना, बसलं. पट्टी २५० ची आणि नाक २५ चं असेल तर हाती २२५ उरतात, आणि उतरताना पाय तिरका टाकावा लागतो. रायझर आणि ट्रेड दोन्ही कळले की जुना हिशोब करून पाहावा: दोन रायझर अधिक एक ट्रेड यांची बेरीज साधारण ६०० ते ६३० मिमी आली की जिना पायाला बसतो. १६७ आणि २७० घ्या, ६०४ येतात, उत्तम. १९० आणि २५० चे ६३० होतात, म्हणजे कोडची दोन्ही टोकं गाठलेला जिना आजी-आजोबा असलेल्या घरात दमवणाराच.

बिल्डर पायऱ्या कमी का करतो, हेही यात दिसतं. ३००० मिमीला १६ रायझर केले तर १८७.५ येतात, बसतात. १५ केले तर २००, बसत नाहीत. पण दर कमी पायरीमागे निदान २५० मिमी लांबी वाचते, आणि तीन पायऱ्यांच्या बचतीत हॉलमध्ये सोफा बसतो. नकाशात दाखवलेल्या रायझरची संख्या आणि प्रत्यक्षातली संख्या तपासनीसाने मोजायलाच हवी. यासाठी उपकरणही लागत नाही.

डुप्लेक्समध्ये वळणावर लँडिंगऐवजी तिकोनी पायऱ्या टाकलेल्या असतात. आतल्या कोपऱ्यात त्यांची रुंदी शून्याला टेकते आणि हँडरेल नेमकी त्याच बाजूला असते, म्हणजे जिथे आधार आहे तिथे पाऊल ठेवायला जागा नाही. अमेरिकन कोड अशा पायऱ्यांना अटीवर परवानगी देतो: अरुंद बाजूपासून ३०५ मिमी अंतरावर किमान २५४ मिमी रुंदी, आणि कुठेही १५२ मिमीपेक्षा कमी नाही. आपल्याकडे तिन्ही तिकोन एकाच बिंदूत मिळवायची पद्धत आहे. अहवालात याची नोंद ‘धोका’ म्हणून यायला हवी. ती सहसा ‘डिझाइन’ म्हणून सोडून दिली जाते. गोल लोखंडी जिना असेल तर त्याचा व्यास निदान १५०० मिमी हवा, आणि तो घरातला एकमेव जिना नसावा.

घसरडेपणाबद्दल अहवाल ‘अँटी-स्किड टेप लावावी’ म्हणून मोकळे होतात. टेप हा तात्पुरता इलाज आहे. वाळूच्या दाण्यांची चिकटपट्टी पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर चांगली बसते, पण आधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करावा लागतो आणि पट्टीचे कोपरे गोल कापावे लागतात. चौकोनी कोपरा रोजच्या पोछ्याने आधी उचलला जातो, मग त्यात पाय अडकतो. खडबडीत कोटा दगडावर ती धरतच नाही. खाचा पाडणं जास्त टिकाऊ: नाकाच्या कडेजवळ दोन-तीन समांतर खाचा, तीन-चार मिमी रुंद, दोन-तीन मिमी खोल. त्या कडेला अगदी चिकटून पाडल्या तर दगडाचा कपचा उडतो, म्हणून निदान २० मिमी सोडावेत. खाचांत धूळ आणि फिनाइलचा थर बसून वर्षभरात त्या सपाट होतात. ब्रशने काढत राहावं लागतं. अॅल्युमिनियमची एल-पट्टी रबराच्या भरणीसकट चांगली, पण स्क्रूची डोकी दगडात बुडलेली हवीत आणि एकही पट्टी सैल नको. सैल पट्टीपेक्षा पट्टी नसलेली बरी. यातलं काहीही पायरीवर पाणी ओतल्याशिवाय समजत नाही. तपासनीस बाथरूममध्ये बादली ओततो, तशी अर्धी बादली बाहेरच्या जिन्यावरही ओतायला लावा. पाणी ट्रेडच्या मागच्या कोपऱ्यात साचलं तर उतार उलटा आहे. अंगणातल्या आणि गच्चीच्या जिन्याला कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने शेवाळ धरतं ते तिथेच.

रेलिंग हा दुसरा मोठा विषय, आणि इथे ही सेवा बऱ्यापैकी काम करते. रेलिंग हलतं की नाही हे कोणीही तपासतो. पण का हलतं, ते फार थोडे सांगतात. बहुतेक वेळा बेसप्लेटचे (खांबाखालच्या पट्टीचे) अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतणारे बोल्ट, छोटे असतात: २० मिमी ग्रॅनाइट, २० मिमी मसाला, आणि मग काँक्रीटमध्ये जेमतेम दहा-पंधरा मिमी शिरलेला बोल्ट. तो दगडाला धरून असतो, इमारतीला नाही. झाकणाची कप वर सरकवून, एक बोल्ट बाहेर काढून त्याची लांबी पाहिली की दोन मिनिटांत निकाल लागतो. काँक्रीटमध्ये निदान ६० मिमी शिरलेला हवा. दगडाच्या कडेपासून पाच-सहा सेंटिमीटरच्या आत भोक पाडलं असेल तर ग्रॅनाइट तिथेच तडकतो, म्हणून बेसप्लेटखालची बारीक चीर टॉर्च तिरका धरून पाहावी. अमेरिकन कोडमध्ये कठड्याने वरच्या दांड्यावर कुठेही, कुठल्याही दिशेने २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलोचा भार सोसायचा असतो. तपासनीस तेवढा जोर अंदाजानेच लावतो, पण मधल्या खांबावर नव्हे, दोन खांबांच्या मध्ये आणि टोकाच्या सुट्या खांबावर लावायला हवा. तिथेच तो कमजोर असतो.

लहान मुलं असतील तर उभ्या सळ्यांमधलं अंतर १०० मिमीच्या आत हवं. अमेरिकन कोडची चाचणी सपाट जागेच्या कठड्याला १०२ मिमीच्या आणि जिन्याच्या उघड्या बाजूला १११ मिमीच्या चेंडूची आहे: तो आरपार गेला की नापास. तपासनीसाच्या पिशवीत असा चेंडू किंवा ठोकळा असतो का, हे त्याचा दर्जा ओळखायची सोपी खूण आहे. सध्याच्या फॅशनमधल्या आडव्या स्टीलच्या नळ्या या चाचणीत पास होऊ शकतात आणि तरीही वाईट असतात, कारण दोन वर्षांचं मूल त्यांची शिडी करतं. अहवालात हे यायला हवं. बिल्डरला बदलायला लावता येईलच असं नाही, पण आतून पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावून घेता येतो.

स्टीलची प्रत तपासायला काही जण चुंबक लावतात. त्याने काही सिद्ध होत नाही. २०२ (स्वस्त प्रत) आणि ३०४ (गंजाला जास्त टिकणारी) दोन्हीला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. केमिकलचे थेंब टाकून करायची चाचणी थोडा तरी अंदाज देते. समुद्राजवळ २०२ वेल्डिंगच्या सांध्यांवर पहिल्याच पावसाळ्यानंतर गंजाचे ठिपके दाखवायला लागतं, तेव्हा मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोव्यात करारात ३०४ लिहिलं असेल तर सांधे बारकाईने पाहा. काचेचं रेलिंग असेल तर नुसती टफन्ड की लॅमिनेटेड, हे काचेच्या कडेवरून कळतं: लॅमिनेटेडमध्ये दोन थरांच्या मध्ये पातळ पडदा दिसतो. एकेरी टफन्ड काच फुटली की दाणे होऊन खाली पडते आणि कठड्याच्या जागी भगदाड राहतं. लॅमिनेटेड फुटली तरी जागेवर राहते. हा फरक ज्या अहवालात नाही, त्याने काच पाहिलेली नाही.

हँडरेल मुठीत मावते का, हेही पाहावं. ३२ ते ५१ मिमी व्यासाची गोल नळी हाताला धरवते; १०० मिमी रुंद लाकडी पाट हातावर फिरतो, पण घसरताना बोटं त्याला पकडू शकत नाहीत. भिंतीकडची नळी भिंतीपासून ३८ मिमी तरी लांब हवी, नाहीतर बोटं सोलवटतात.

प्रकाशाचं काम छोटं आहे. वर आणि खाली टू-वे स्विच आहे का, आणि दिवा अशा जागी आहे का की उतरणाऱ्याची स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते. संध्याकाळी पाहणी ठेवली तरच दिसेल. बहुतेक कंपन्या सकाळी येतात.

एक गैरसमज या सेवेच्या जाहिराती स्वतःच पसरवतात: की त्यांचा अहवाल म्हणजे कोडचं प्रमाणपत्र. तसं नाही. घर-तपासनीसांची आंतरराष्ट्रीय संघटना इंटरनाची हिच्या कार्यपद्धतीत जिने, लँडिंग, कठडे, हँडरेल तपासायला सांगितलं आहे आणि सळ्यांमधलं चुकीचं अंतर दोष म्हणून नोंदवायला सांगितलं आहे. पण कोडचं पालन झालं की नाही हे ठरवणं तपासनीसावर बंधनकारक नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. आपल्याकडे तो निर्णय भोगवटा प्रमाणपत्र देणाऱ्या नियोजन प्राधिकरणाचा. तपासनीसाचं काम धोका दाखवणं आणि माप लिहिणं. ते नीट केलं तर पुरेसं आहे.

कारण त्या मापांवरच पुढचं भांडण चालतं. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ‘पायऱ्या असमान वाटतात’ या वाक्यावर साइट इंजिनिअर हसून निघून जातो. ‘रायझर १: १४७, रायझर २ ते १७: १६६-१६८, रायझर १८: १८७’ या ओळीवर त्याला टेप काढावाच लागतो.

दुरुस्ती कोणती मागायची, हेही चांगल्या अहवालात असतं. वरच्या उदाहरणात फोडाफोडीची गरज फक्त ग्रॅनाइटपुरती आहे. सगळे ट्रेड आणि लँडिंग काढून २० मिमी जास्त मसाल्यावर पुन्हा बसवले, की पहिला रायझर १४७ चा १६७ होतो आणि शेवटचा १८७ चा १६७. दोन्ही टोकं एकाच कामात सुटतात. फक्त ट्रेड २० मिमीने वर गेल्याने हँडरेल तेवढीच बुटकी होते आणि डोक्यावरची जागाही २० ने कमी होते, म्हणून हे काम मागताना रेलिंग काढून पुन्हा १००० मिमीवर बसवण्याचं त्याच पत्रात लिहायचं. बिल्डर बहुधा फक्त पहिली पायरी फोडून २० ने उचलायला तयार होतो. तसं करू देऊ नका. पहिला रायझर बरोबर होतो, पण दुसरा १४७ वर जातो. दोष एक पायरी वर सरकतो, इतकंच.

दुरुस्तीनंतरची दुसरी भेट बऱ्याच पॅकेजांत वेगळ्या पैशांची असते. जिना असलेल्या घराला ती आधीच ठरवून घ्यावी, आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सगळे अठरा रायझर मोजायला सांगावेत. गवंडी मसाला दाबताना पाच-सात मिमी इकडेतिकडे करतोच, आणि पुढे वरच्या खोलीत जुन्या टाइलवर नवी टाइल टाकली, तर टाइल आणि चिकटवायचा थर मिळून शेवटचा रायझर पुन्हा १५ मिमीने उंच होतो.